सीटवर राहिलेल्या वस्तू

१

पैज लावायची असेल तर आत्ताच लावा. गोष्ट संपेल तेव्हा तुमच्यापैकी एकाचाही तिच्यावर विश्वास बसलेला नसेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकतीस वर्षं मी सिटी बसचा कंडक्टर होतो, त्यातली वीस स्वारगेट-कात्रज मार्गावर. 'पुढे सरका, आत जागा आहे' असं दिवसातून चारशे वेळा म्हणायचो. त्यावरही कधी कुणी विश्वास ठेवला नाही.

तेव्हा नीट बसा. पलीकडच्या बाकावर, ऊन कलल्यावरही छत्री उघडून आणि लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून बसलेल्या बाई दिसतात ना, त्यांच्याकडे बघू नका. त्या पुस्तक वाचतायत. निदान तसं दाखवतायत.

तर गेल्या वर्षी, ऑक्टोबरच्या चार तारखेपासून नोव्हेंबरच्या चौदा तारखेपर्यंत, कोथरूडमधल्या आमच्या ह्याच सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून सतरा वस्तू नाहीशा झाल्या. कडी तुटली नाही, खिडकी फुटली नाही. चोर मोठा विक्षिप्त. कपाटात सोन्याच्या पाटल्या होत्या, त्यांना हात लावला नाही. नेलं काय? माझा वाचायचा चष्मा. टीव्हीचा रिमोट. अर्धवट विणलेला स्वेटर, सुयांसकट. आमच्याकडे राहणाऱ्या मुलीचा चार्जर. एक मोजा. एकच!

मी हसत होतो. शेजाऱ्यांना सांगत होतो की आमच्या घरी एका पायाचा चोर येतो.

चौदा नोव्हेंबरला माझा पितळी बिल्ला गेला आणि माझं हसू थांबलं.

बिल्ला म्हणजे कंडक्टरचा छातीवर लावायचा बिल्ला, क्रमांक चारशे सत्तावीस. दर महिन्याला मी तो चिंच लावून घासतो. त्या सकाळी घासला, जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर ठेवला, हात धुवायला गेलो. परत आलो तर खुर्ची रिकामी. घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी बायको शैला.

शैला खिडकीशी उभी होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "आपण कुठल्या स्टॉपवर चढलात?"

२

तो बिल्ला इतका का महत्त्वाचा, ते सांगायला मला पन्नास वर्षं मागे जावं लागेल. माझी हरकत नाही. हल्ली माझा मुक्काम तिकडेच जास्त असतो.

तेव्हा डेपोच्या कोपऱ्यात एक जाळीची खिडकी होती. वर पाटी, 'हरवलेल्या वस्तू'. बसमध्ये कुणी काही विसरलं की आम्ही कंडक्टर ते तिथे जमा करायचो. खिडकीमागे नवी क्लार्क आली, शैला. अंगाने काडी, आवाजाने जिल्हाधिकारी. तिचे नियम तीन. नासणारी वस्तू असेल, म्हणजे भाजी-फळं, तर त्याच दिवशी वाटून टाकायची. मालक माहीत नसेल तर दाभणाने चिठ्ठी ओवून, तारीख-वेळ घालून गोदामात. आणि मालकाचं नाव-गाव कळलं तर वस्तू गोदामात ठेवायचीच नाही, लगेच त्याच्या हातात द्यायची आणि सही घ्यायची. वस्तू न्यायला कुणी आला की ती मान वर न करता एकच शब्द बोलायची, "खूण?"

मी तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून न हरवलेली छत्री शोधायला गेलो होतो.

"खूण?"

"काळी आहे."

"पुण्यात काळी नसलेली छत्री दाखवा, गोदामातल्या सगळ्या तुम्हाला देते."

पुढच्या आठवड्यात मी न हरवलेली पिशवी शोधायला गेलो. मग न हरवलेली टोपी. सगळं खोटं तिने दोन प्रश्नांत उघडं पाडलं. आणि एक दिवस खरोखर माझा बिल्ला हरवला. ड्रायव्हरने तो खिडकीवर जमा केला होता.

"खूण?"

"मागची पिन तुटलीय. तिथे तांबडा दोरा बांधलाय."

तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. "आज खरं बोललात. बरं वाटत नाही का?"

पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. त्यानंतर पन्नास वर्षं आमच्या घरची पद्धत ठरलेली. मी चारचौघांत थाप मारायची, रंगात यायचं, आणि ऐन वेळी तिने स्वयंपाकघरातून ओरडायचं, "खोटं!" त्याशिवाय थाप पूर्ण होत नाही हो. घंटी वाजल्याशिवाय बस हलते का?

माझी सगळ्यात गाजलेली थाप अजगराची. एकोणऐंशी साली स्वारगेटला एक अजगर बसमध्ये चढला, कात्रजच्या सर्पोद्यानात नातेवाइकांकडे निघाला होता. मी त्याला अर्धं तिकीट दिलं, कारण तो अर्धा बाहेर होता. इथे आतून आवाज यायचा, "अहो, एकोणऐंशी साली कात्रजला सर्पोद्यान नव्हतं!" आणि पाहुणे खो खो हसायचे. अजगरावर कुणी हरकत घेत नसे, सालावर घेत.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी पाहुणे आले होते. मी अजगर काढला. अर्ध्या तिकिटापर्यंत आणला. थांबलो.

आतून काही आलं नाही. शैला दारात आली, साडीला हात पुसत, आणि अगदी मनापासून म्हणाली, "अगंबाई! मग उतरला कुठे तो?"

पाहुणे हसले. मी त्या दिवशी जेवलो नाही. खरं सांगतो, चोरी तिथेच सुरू झाली होती. रिमोट वगैरे नंतर.

३

आता संशयित. तीनच आहेत, बोटांवर मोजा.

पहिली अपेक्षा. यवतमाळची, हिंजवडीत कंपनीत कामाला, दोन वर्षं आमच्या मागच्या खोलीत राहते. तिला मी गच्चीवर गाठलं.

"काका, सिरियसली? मी माझाच चार्जर चोरीन का?"

"हुशार चोर तेच करतो."

"मग माझं ऑफिसचं आयकार्ड पण मीच चोरलं असेल. हॉलमधल्या खुर्चीवर ठेवलं होतं, गायब! दुसऱ्या दिवशी माझ्याच पर्समध्ये निघालं. आणि काका, त्या दिवशी काकूंनी माझी सही घेतली, कॅलेंडरच्या मागे. मला वाटलं दुधाचा हिशोब असेल."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तुम्ही सोडू नका.

दुसरा सोसायटीचा वॉचमन शंभू. खुर्चीवरची पेरूंची पिशवी गेली त्या दिवशी तो पेरू खाताना दिसला होता.

"आजोबा, ते तर आजींनीच दिले. म्हणाल्या, नासायच्या आत वाटून टाका. मी म्हटलं दानधर्म करतायत."

तिसरी सोजरबाई. मुळशीकडची. एकोणीस वर्षं आमच्याकडे पोळ्या करते, घराची एक किल्ली तिच्याकडे असते. मी नुसतं 'वस्तू जातायत' म्हटलं, तर तिने पीठ मळायचं थांबवलं.

"माझ्याव संशय हाय का तुमचा?"

"छे गं."

"मग मला कशापायी सांगताय? वैनीकडं बघा जरा. दात घासताना तोंड धरून बसत्यात. तोंडात फोड आल्यात, तिखट खाईनात. कंगव्यात केसांचं पुंजकं निघत्यात. सकाळच्या पारी कपाचा कान धरता येईना त्यांना. तुम्ही मोज्याचं काय घेऊन बसलाय?"

"वय झालं गं आता."

"वय माझं बी झालंय," सोजरबाई म्हणाली. "मी काय मोजे सोडून बसले का कुठं?"

मी तेही ऐकलं आणि सोडलं. बढाईखोर माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय नसते.

४

सतरा नोव्हेंबरला आमचा मुलगा प्रज्ञेश बंगळुरूहून आला. लहानपणापासून पद्धतशीर. त्याने लॅपटॉप उघडला आणि मी सांगितलेल्या तारखा त्यात भरल्या.

"बाबा, हे बघा. चार ऑक्टोबर ते पंधरा ऑक्टोबर, वस्तू जातात. सोळा ते सव्वीस, एकही जात नाही. सत्तावीसपासून पुन्हा सुरू. त्या अकरा दिवसांत घरात कोण नव्हतं?"

मला उत्तर माहीत होतं. दिवाळीसाठी सोजरबाई सोळा तारखेला गावाला गेली होती. परत आली सत्तावीसच्या सकाळी.

सोजरबाईने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं, पण वाद घातला नाही. कनवटीची किल्ली काढली, बुद्धमूर्तीपाशी फळीवर ठेवली आणि शैलाच्या पाया पडली. शैलाने तिला विचारलं, "आपली काय वस्तू राहिली होती?" सोजरबाई पदर तोंडाला लावून जिना उतरली. लिफ्टसुद्धा घेतली नाही.

मग प्रज्ञेशने दुसरी गोष्ट सांगितली. आईला त्याने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, चौऱ्याहत्तर वय, विस्मरणाचा आजार दिसतो, हळूहळू वाढणार, त्याला इलाज नाही. मुलाने शहराबाहेर एक केंद्र बघितलं होतं, स्मृती गेलेल्या वृद्धांसाठी. एक डिसेंबरला खोली रिकामी होणार होती.

"बाबा, परवा तिने गॅस चालू ठेवला. तुम्हाला ती 'आपण' म्हणते. तुम्हाला एकट्याला झेपणार आहे का?"

त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला त्याचा राग आला.

"पंधरा दिवस दे," मी म्हटलं.

"त्याने काय होईल?"

"चोर सापडेल."

"चोर सापडलाय बाबा!" तो म्हणाला. आतल्या खोलीत शैला कुणाशी तरी बोलत होती. आम्ही डोकावलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती रांगेतल्या माणसांना सांगत होती की ढकलू नका, खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी आहे.

५

आता माझी बुद्धी बघा. दुपारी मी एक प्रयोग केला. घरभर वस्तू मांडल्या. टेबलावर पेन, फळीवर घड्याळ, फ्रिजवर सुटे रुपये, सोफ्यावर हातरुमाल, बसायच्या वेताच्या मोड्यावर नेलकटर. आणि हॉलमधल्या दिवाणावर आडवा होऊन डोळे मिटले.

शैला आली. टेबलाकडे तिने पाहिलंही नाही. सरळ सोफ्याशी गेली. रुमाल उचलला. सीटखाली वाकून पाहिलं, आणखी काही राहिलंय का. मग मोड्यावरचं नेलकटर घेतलं. माझ्याजवळ येऊन थांबली.

मी घोरल्यासारखं केलं.

"अहो, उठा," ती हळूच म्हणाली. "शेवटचा स्टॉप आला."

मी उठलो. तिने दिवाणाची गादी दुमडली, फळी उचलली आणि रुमाल आत ठेवला.

टेबल, फळी, फ्रिज सोडून चोर फक्त बसायच्या जागेवरून वस्तू उचलत होता! रिमोट सोफ्यावर होता, मोजा पलंगाच्या कडेला, बिल्ला खुर्चीवर. आपल्या घरात वस्तू खुर्चीवर असली तर ती ठेवलेली असते. बसमध्ये सीटवर असली तर ती राहिलेली असते. हा फरक ज्याच्या डोक्यात चोवीस वर्षं मुरलाय असा माणूस पुण्यात एकच होता, आणि मी त्याच्याशी लग्न केलं होतं.

दिवाणात गोदाम होतं. चष्मा, रिमोट, स्वेटर, चार्जर, एकुलता एक मोजा, सगळं ओळीने लावलेलं. प्रत्येकाला कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी, दाभणाने ओवलेली. मी दीड महिना रोज दुपारी मुद्देमालावर झोपत होतो.

मोजलं. वाटलेले पेरू आणि परत मिळालेलं कार्ड मी सतरात धरलंच नव्हतं; त्या दिवशीचे रुमाल आणि नेलकटर सोडून सोळा. बिल्ला नव्हता.

मग मी चिठ्ठ्या वाचायला लागलो. पहिल्या चिठ्ठ्यांवर तिचं ते मोत्यासारखं अक्षर, तारीख दोन हजार पंचवीस. शेवटच्या चिठ्ठ्यांवर अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. आणि साल होतं एकोणीसशे चौऱ्याऐंशी.

६

"मनाचं कुणी ऐकत नाही ना काका, मग निदान मनगटं तरी दाखवू," अपेक्षा म्हणाली. शैलाची दोन्ही मनगटं सुजली होती, ते खरंच होतं. अपेक्षानेच सांध्यांच्या विकारांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. नाव तेजस्विनी. मी माझी जुनी कंडक्टरची चामडी पिशवी खांद्याला लावून गेलो. आत सोळा वस्तू. पुरावा घरी ठेवून जाणारा मी नव्हे.

डॉक्टरांनी मनगटं दाबून पाहिली. बोटांकडे पाहिलं. एसीच्या गारव्याने शैलाची बोटं पांढरी पडून निळसर व्हायला लागली होती.

"गालांवर हे लाल कधीपासून?"

"ते उन्हाने," मी म्हटलं. "सप्टेंबरपासून रोज दहा वाजता गच्चीवर फिरते. सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं, हाडांना चांगलं म्हणून."

"काकू लाजल्यासारख्या दिसायच्या," अपेक्षाने मोबाइलमधले जुने फोटो दाखवले. "मी विचारलं पण होतं, ब्लश कुठला वापरता."

डॉक्टरांनी फोटो एकामागून एक पाहिले. दोन्ही गाल आणि मधे नाकाचा दांडा, तांबूस फुलपाखरू बसल्यासारखं. मग त्यांनी सोजरबाईने सांगितलेलंच सगळं विचारलं, तोंडातले फोड, केस, सकाळचे आखडलेले सांधे. मला प्रत्येकाला 'हो' म्हणताना लाज वाटली.

"वागण्यात बदल कधीपासून?"

इथे मी पिशवी उघडली. सोळा चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर तारखेने मांडल्या, पत्त्यांचा डाव मांडतात तशा. डॉक्टर आधी हसल्या. मग खुर्ची पुढे ओढली.

"काका, विस्मरणाचा नेहमीचा आजार वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. हे सहा आठवड्यांत घसरलंय. आणि मधे," त्यांनी बोट ठेवलं, "अकरा दिवस काहीच नाही. तेव्हा काय वेगळं होतं?"

"सोजरबाई सुट्टीवर होती."

"चिठ्ठ्या सोजरबाईंच्या अक्षरात आहेत का?"

"नाही."

"मग आणखी काय होतं?"

"दिवाळी. मुलगा, सून, नातू."

"आणखी?"

मी डोकं खाजवलं. दिवाळी... चकल्या... हो, चकल्या! शैलाला मनगटाने सोऱ्या फिरवता येईना. म्हणून आमच्या डॉक्टरांनी सूज उतरायला दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पंधरा तारखेच्या संध्याकाळी सुरू केल्या. सोऱ्या फिरला. त्या दिवाळीत ती मला दोनदा 'खोटं' म्हणाली होती. मला वाटलं नातू आला म्हणून खुलली.

"कुठल्या गोळ्या?"

"नाव कोण लक्षात ठेवतो?"

तेवढ्यात शैला पुढे वाकली. तिने टेबलावरून एक चिठ्ठी उचलून डॉक्टरांना दिली, खिडकीतून द्यावी तशी. मी ती क्षुल्लक म्हणून कोपऱ्यात सरकवली होती. चिठ्ठीला गोळ्यांची रिकामी पट्टी ओवलेली. अक्षर स्वच्छ, 'सत्तावीस ऑक्टोबर, सकाळ. गोळ्यांची पट्टी, रिकामी, एक.'

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरून नाव वाचलं.

"स्टेरॉइड. मनगटाचीच नाही, मेंदूचीही सूज उतरवतं," त्या म्हणाल्या. "पट्टी संपली, आणि चोर कामावर परत आला."

७

त्या आजाराला ल्युपस म्हणतात. तरुण बायकांचा आजार म्हणून माहीत असतो, पण क्वचित सत्तरीतही उगवतो. आणि तेव्हा कुणी ओळखत नाही, कारण त्याची प्रत्येक खूण म्हातारपणाच्या नावावर खपते. सांधे दुखतात? वय. केस गळतात? वय. भ्रम होतो? वयच.

"शरीराचे पहारेकरी असतात ना, ते घरच्याच माणसांना चोर समजायला लागतात," डॉक्टर म्हणाल्या. "सांधे, कातडी, मूत्रपिंड, कधी मेंदू."

तोवर प्रज्ञेशही येऊन शेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली. त्याला सोजरबाई आठवली असणार.

डॉक्टरांनी खोटी आशा दिली नाही. चिठ्ठ्या म्हणजे पुरावा नव्हे, इशारा, असं म्हणाल्या. रक्त तपासलं, लघवी तपासली, मेंदूचं चित्र काढलं. जंतूंचा संसर्ग नाही ना, हे पाहायला मणक्यातलं पाणी काढलं. मग बारा दिवस इस्पितळात जोराचे औषधोपचार. "सगळं परत येईलच असं नाही," त्यांनी बजावलं. "आणि ह्या औषधांनीही कधीकधी डोकं भिरभिरतं. लक्ष ठेवायचं. ऊन मात्र पूर्ण बंद." एक डिसेंबर इस्पितळातच उलटला. केंद्रातली खोली प्रज्ञेशने जानेवारीअखेरपर्यंत धरून ठेवली. पद्धतशीर माणूस.

इस्पितळात शैला मला रोज एकच विचारायची, "चारशे सत्तावीसचा मालक आला होता का?" आणि मी शेजारी बसून सांगायचो, येईल, येईल.

ती हळूहळू आली. एकदम नाही. आधी माझं नाव आलं. मग 'आपण'चं 'तुम्ही' झालं. डिसेंबरअखेर ती मला म्हणाली, "दाढी करा, डेपोतल्या मांजरासारखे दिसताय." मी बाथरूममध्ये जाऊन दाढी केली आणि रडलो. काही शब्द अजून सापडत नाहीत तिला. भाजीचं नाव आठवत नाही, मग रंग सांगते.

पण बिल्ला राहिलाच होता. प्रज्ञेश म्हणायचा, "सोळा वस्तू आईने ठेवल्या हे मान्य. सतरावी कुठाय? पितळ आहे, भंगारात जातं. सोजरबाई चौदा तारखेला सकाळी पोळ्या करून गेली होती." ती गेल्यावर बिल्ला नाहीसा झाला, हे माझं म्हणणं त्याला थाप वाटायचं. एका बिल्ल्यापायी एकोणीस वर्षं आमच्याकडे राबलेली बाई घरी बसून होती.

आणि आता माझ्या बुद्धीची कमाल! जानेवारीच्या दहा तारखेला मी दिवाण पुन्हा उपसला. शेवटच्या कोपऱ्यात, दोन फळ्यांच्या फटीत, काय चमकावं? चारशे सत्तावीस! मागे तुटकी पिन, तांबडा दोरा, सगळं जसंच्या तसं. प्रज्ञेशला दाखवला. तो त्याच दिवशी गाडी काढून मुळशीला गेला, सोजरबाईच्या पाया पडला, तिला घेऊन आला. ती बघा, येतेच आहे भाजी घेऊन. जानेवारी संपायच्या आत त्याने केंद्रातली खोलीही सोडली. तर मंडळी, असा मी एकट्याने—

"खोटं!"

पलीकडच्या बाकावरची छत्री मिटली. शैला उठून इकडे येत होती. पुस्तक हातात, त्यात खुणेला बोट.

"शैला, अगं, गोष्ट संपत आलीय..."

"तो बिल्ला तुम्ही तांबट आळीतून करून आणलात. माझ्या हातात दिलात त्याच दिवशी कळलं मला."

"कशावरून? पिन, दोरा, सगळं..."

"ती तुमची खूण. मी खिडकीतून वस्तू परत देताना मागे दाभणाने एक बारीक रेघ ओढायचे. एकच थापाड्या तीच वस्तू दोनदा न्यायला येऊ नये म्हणून. पन्नास वर्षांत कधी उलटून पाहिलीत?"

बाकावर कुणी हसेना. सोजरबाई भाजीची पिशवी धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला. "मंजी खरा गेलाच की," ती पुटपुटली.

"गेला नाही गं," शैला म्हणाली. "चौदा तारखेला मी काय केलं ते मला आजही आठवत नाही. ते दिवस कोरे आहेत. पण नियम आठवतो. मालक माहीत असेल तर वस्तू गोदामात ठेवत नाहीत. अपेक्षाचं कार्ड तिच्या पर्समध्ये गेलं, मग चारशे सत्तावीस कुठे जाईल?"

तिने पुस्तकातून कॅलेंडरचा एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"लोखंडी कपाटात, तुमच्या खाकी कोटाच्या वरच्या खिशात. काल बघून आले, मागे रेघ आहे. ही पावती त्याच्याबरोबर होती. सही राहिलीय तुमची."